अमेरिकेचा अंगठा

मल्लव्वाचा नवरा घर सोडून गेला, तेव्हा वळसंग गावाला ते चौथ्या दिवशी कळलं होतं. तिची भाकरी तव्यावर फुटली, हे मात्र तासाभरात पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर सगळ्यांना कळलं. नवरे जातच असतात. मल्लव्वाची भाकरी फुटत नसते.

लिंगायतांच्या घरात लग्न निघालं की अक्कलकोटापासून सोलापूरच्या भवानी पेठेपर्यंत वाजंत्रीवाल्याच्या आधी मल्लव्वाला सांगावा जायचा. आठ दिवस आधी जाऊन ती कडक भाकरीच्या चळती लावायची. परातीएवढी रुंद, कागदासारखी पातळ, महिनाभर राहिली तरी कुरकुरीत. चळतीतली कुठलीही ओढून दिव्यापुढं धरा, पलीकडची ज्योत दिसणार. देवानं तिला रूप दिलं नव्हतं, लेकरू दिलं नव्हतं, आणि नवरा दिला तो अर्ध्यात काढून घेतला. हात तेवढे दिले होते. त्या हातांच्या जिवावर ती गावात मान वर करून चालायची आणि ज्याला जे सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगायची.

अशा बाईच्या काठवटीत त्र्याहत्तर सालच्या दुष्काळानं मिलो आणून ओतली.

मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तिकडच्या सरकारनं ती इकडच्या सरकारला दिली, इकडच्या सरकारनं दुष्काळी कामावरच्या माणसांना मजुरीत दिली. देणाऱ्या दोघांपैकी एकानंही घास मोडून बघितला नाही. पोत्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र होतं. पोती मात्र झकास होती. कामावरच्या राजाबाईनं एका पोत्याची चोळी शिवली होती. ती खडी फोडायला वाकली की तिच्या पाठीवर दोन देश हात मिळवायचे.

पण त्या पिठाला विरीच नव्हती, चिकटपणा म्हणून नाही. उकळत्या पाण्यात भिजवा, मळून मळून मनगटं सुजवा, थापायला घेतलं की काठाला चिरा पडायच्या. उचलताना दोन तुकडे, तव्यावर गेल्यावर चार. कण्या शिजवून खाल्ल्या तर पोटात खडीचा ढीग पडल्यासारखं व्हायचं, आणि तो ढीग घेऊन दिवसभर दुसरी खडी फोडायची. चारशे माणसं रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवून घरी जायची. आणि सोलापूरच्या गोदामात गहू होता! पोती उतरवणाऱ्या हमालांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. बायकांनी तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, वरून आदेश नाही. हा ‘वर’ कुठं राहतो ते कुणालाच माहीत नव्हतं. पाऊसही तिथंच अडकून बसलेला.

मार्चच्या एका सोमवारी फटफटी फटफटवत अण्णाराव आले. अण्णाराव म्हणजे विस्तार अधिकारी. त्यांच्या हद्दीत शेती विस्तारली नाही, पण त्यांचं पोट विस्तारलं होतं. ते थेट मल्लव्वाच्या चुलीपाशी येऊन उभे राहिले. कामावरच्या दुपारच्या जेवणाची चूल तिच्याकडे होती.

“मल्लव्वाबाई, तुमचं नशीब उघडलं.”

“कुटं? मला तर दिसंना.”

“परवा बुधवारी अमेरिकेचा साहेब येतोय. किलटन साहेब. स्वतः शेतकरी आहे. त्यांचा एक शेतकरी इकडं बघायला यायचा, आपला एक माणूस तिकडं शिकायला जायचा, अशी सरकारी अदलाबदल आहे. ही मिलो त्यांच्याच भागातली. लोक ती कशी खातात ते बघून साहेब लिहून देणार. त्यावर वरची कचेरी ठरवणार, पुढचे चार महिने इथं मिलो द्यायची का गहू.”

तिकडं जाणारा आपला एक माणूस कोण, हे अण्णारावांनी सांगितलं नाही. पण सोलापूरच्या उन्हात त्यांनी गळ्याला टाय बांधायची सवय करायला घेतली होती. ते बघून कामावरच्या गाढवांनाही अंदाज आला असता.

“तर बुधवारी तुम्ही साहेबांसमोर मिलोची भाकरी थापायची.”

“फुटती ती.”

“फुटता कामा नये.”

“मग तुमीच बसा की तव्यापाशी. सांगा तिला, फुटू नगं, वरून आदेश हाय.”

अण्णारावांनी इकडंतिकडं बघितलं आणि फटफटीला लटकवलेल्या पिशवीतून पत्र्याचा एक डबा काढून चुलीच्या आडोशाला ठेवला. “यात मालदांडी ज्वारीचं पीठ आहे. आमच्या घरचं. वरून मूठभर मिलो टाका, लालसर दिसलं म्हणजे झालं. मी मागंच लिहून पाठवलंय, मजूरवर्ग मिलो आवडीने खात आहे.”

“आवडीनं? तुमी खाल्ली का?”

“आम्हाला कोटा नाही,” अण्णाराव म्हणाले, आणि फटफटीला लाथ मारून गेले.

ते दिसेनासे झाल्याबरोबर बायका चुलीभोवती जमल्या. दानम्मा सगळ्यांत म्हातारी. तिनं डब्याचं झाकण उघडून पांढरंशुभ्र पीठ बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. “यव्वा! हे मी मरताना तोंडात घाला गं, पाणी नगं.”

“तोंडात न्हाय, मातीत घालीन,” मल्लव्वा म्हणाली. “मी न्हाय ह्याला हात लावायची.”

“लावू नगंसच,” राजाबाई म्हणाली. “अगं, उलट बेस झालं की! तू थाप निव्वळ मिलोची. फुटू दे त्याच्या म्होरं. दुसऱ्या कुणाची फुटली तर म्हणतील, बाई अडाणी हाय. तुज्या हातनं फुटली म्हंजे पीठच वाईट, ह्ये आंधळ्यालाबी दिसंल.”

बिबीजाननं मान डोलवली. “सही बात है. मल्लव्वा, तेरी रोटी टूटी तो हमारा गेहूं आया. बस, तोडके दिखा.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मल्लव्वाला भाकरी फोडायला सांगत होतं. तिला ते ऐकूनच कसंसं झालं. पण दानम्माच्या सुनेच्या पोटात दोन दिवस अन्न ठरलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. “बुधवारी मी साहेबाला खरी मिलो खायाला घालणार. ही शपथ.”

बुधवारी अकराच्या सुमाराला धूळ उडवत जीप आली. जीप चालवत होता भवानी पेठेतला मैनुद्दीन. बारा वर्षं पलटणीत गाडी चालवून आलेला, इंग्रजी बोलणारा आणि साहेबलोकांना न घाबरणारा. गाडी थांबली तसा तो बादली घेऊन पाण्याच्या टँकरकडे गेला, कारण जीप रेल्वेच्या इंजिनासारखी वाफ सोडत होती.

किलटन साहेब उतरला. सहा फूट उंच, भाजल्या वांग्यासारखा लाल. राजाबाईच्या पाठीवरचे दोन हात दिसले तसा तो दचकला आणि त्यानं टोपी काढली. राजाबाईला वाटलं, आपल्यालाच नमस्कार केला. ती पुढं आठ दिवस ताठ चालत होती.

साहेबाला खुर्ची मांडली होती. तो खुर्चीवर बसलाच नाही. चुलीसमोर मातीत बसला. लांब टांगा कुठं ठेवाव्यात ते त्याला कळेना, तेव्हा उंटासारखा दोन टप्प्यांत खाली आला. मल्लव्वानं त्याचे हात बघितले. फावड्याएवढे, घट्टे पडलेले, नखांत माती रुतलेली. हा माणूस खुर्चीतला नव्हता. तिला उगीचच अवघड वाटलं. अण्णारावासारखा कुणी असता तर त्याच्यापुढं फुटकी भाकरी तिनं आनंदानं वाढली असती, वरून मूठभर मातीही टाकली असती. पण हा पाव्हणा होता. पाव्हण्याच्या ताटात मल्लव्वाच्या हातची फुटकी भाकरी आजवर पडली नव्हती.

तिनं लिंगाला हात लावला आणि मिलोचं पीठ काठवटीत घेतलं.

पहिली भाकरी उचलतानाच मधोमध फाटली. भोवती दाटलेल्या बायका खूश झाल्या. दुसरी तव्यावर फुटली. दानम्मानं दृष्ट काढल्यासारखी हळूच बोटं मोडली. तिसरीचे इतके तुकडे झाले की ते तव्यावर चुरमुऱ्यासारखे उडायला लागले. बायकांना प्रत्येक तुकड्यात गव्हाचं एकेक पोतं दिसत होतं. मल्लव्वाला दिसत होती सगळ्या मुलखातली लग्नं, एकेक करून मोडलेली. तिचे कान तापले.

साहेब तव्याकडं बघून काहीतरी बोलला आणि मोठ्यानं हसला.

“काय म्हणतोय?” मल्लव्वानं विचारलं.

अण्णाराव टाय सैल करत खाली वाकले. ते नुसते अधिकारी नव्हते, त्याच भागातले होते. मल्लव्वाला कुठं चिमटा काढायचा हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. “जाऊ द्या हो. साहेब म्हणतात, भाकरी करणारी हीच का ती मोठी? आमच्याकडच्या पोरीसुद्धा याहून बऱ्या करतील.”

पुढं काय झालं ते मल्लव्वालाही नीट सांगता आलं नसतं. शपथ कुठं गेली, गहू कुठं गेला, दानम्माची सून कुठं गेली. तिचा हात आडोशाला गेला, डब्याचं झाकण उडालं, आणि काठवटीत मालदांडीचं पीठ पडलं. मूठभर मिलोचा रंग वरून. थप, थप, थप. भाकरी काठवटीत गरगरत मोठी होत गेली, काठवटीच्या काठाला टेकली. उचलली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर ओल्या पातळासारखी लवली. तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगली.

साहेबानं टाळ्या वाजवल्या. शेंगाच्या चटणीबरोबर त्यानं एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी तिसरी मागितली. चौथी खाताना तो गात होता म्हणतात. मल्लव्वाचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. मग तिनं मान वर केली.

चुलीभोवतीच्या बायकांपैकी एकही हसत नव्हती.

साहेबानं वही काढून लिहायला घेतलं. अण्णाराव त्याच्या खांद्यावरून वाचत मोठमोठ्यानं सांगायला लागले, “लिहितात, लोक मिलो फार उत्तम खातात! चव अप्रतिम! वळसंगला आणखी मिलो पाठवावी! ऐकलं का, आणखी! दुप्पट!”

“क्या करी गे तू?” बिबीजान हळूच म्हणाली. “अगे, क्या करी?”

दानम्मानं पदर तोंडाला लावला आणि खडीच्या ढिगाकडं चालू लागली. तिनं शिवी दिली असती तर मल्लव्वानं दोन परत दिल्या असत्या. त्या वाकलेल्या पाठीला काय द्यायचं, हे मात्र तिला सुचेना.

साहेब जीपमध्ये बसला. अण्णाराव मागं बसले. मैनुद्दीननं गाडी चालू केली आणि लगेच थांबवली. चाकापुढं मल्लव्वा बसली होती. मांडीवर काठवट, काठवटीत मिलोचं पीठ, बाजूला पाण्याचा तांब्या.

“काय तमाशा आहे हा?” अण्णाराव ओरडले. साहेबानं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी तोंडभर हसून सांगितलं, “बाई गाडीची पूजा करतात. आमच्याकडं चाल आहे.”

मैनुद्दीननं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. “गाडी गरम झालीया साहेब. अर्धा घंटा हलणार न्हाई.” मग खाली उतरून तो मल्लव्वापाशी उकिडवा बसला. “बोल अक्का. जे बोलशील ते तसंच सांगतो. पलटणीची आन.”

“सांग त्याला,” मल्लव्वा म्हणाली, “मी लबाडी केली. तोंडानं न्हाय, हातानं केली. त्यानं खाल्ली ती आमची मालदांडी, ह्या अण्णारावाच्या घरची. त्याची मिलो ही बघ, ही काठवटीत हाय. पयल्या तीन फुटल्या त्या खऱ्या. पोरींपरीस वाईट करती म्हणाला म्हणून माझं डोस्कं फिरलं.”

मैनुद्दीननं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता गोंधळला आणि भराभरा काहीतरी बोलला.

“अक्का, तो असं बोललाच न्हाई. तो म्हणाला, इथलं वाचून माझ्या बायकोनंबी घरी ह्या पिठाची रोटी करून बघितली, तिचीबी अशीच फुटली. म्हणून हसू आलं.”

मल्लव्वानं जीपमध्ये बघितलं. अण्णाराव टायची गाठ सोडवत होते, आणि ती आणखी आवळत चालली होती.

“असं व्हय,” ती म्हणाली. “मग साहेबाला म्हणावं, उतर. बस हितं. थाप.”

चारशे माणसं काम टाकून गोळा झाली. साहेब पुन्हा दोन टप्प्यांत मातीत बसला. त्यानं बाह्या वर केल्या आणि मल्लव्वा दाखवील तसा गोळा मळला, काठवटीत ठेवला, थापला. पहिल्या थापेला त्याच्या पंजाखाली गोळा भुईसपाट झाला. दुसऱ्या थापेला फुटून एक तुकडा अण्णारावांच्या पायावर जाऊन पडला. पाच गोळ्यांनंतर साहेबाच्या मिशीत पीठ, कपाळावर पीठ, आणि तव्यावर एक अखंड घास नाही. मग त्यानं जे जमलं ते भाजलं, तोंडात टाकलं आणि चावलं. बराच वेळ चावलं. कुणी घाई केली नाही. आम्हीही इतकाच वेळ चावतो, हे त्याला कळायला हवं होतं.

घास गिळून साहेब मान खाली घालून बोलला. अण्णाराव झटकन पुढं आले. “साहेब म्हणतात, आमच्याकडं हे धान्य फार मानाचं—”

“झूट,” मैनुद्दीन म्हणाला. “म्हणतोय, आमच्या गावात ही माणसं खात न्हाईत. गुरं खातात. इथली माणसं खुशीनं खातात असं कागदावर वाचलं, म्हणून बघायला आलो, म्हणतोय. शरम वाटते, म्हणतोय.”

मग मल्लव्वा म्हणाली, “गुरांचं बरं हाय. त्यांस्नी थापून खावी लागत न्हाय.”

पहिली दानम्मा हसली. मग राजाबाई, मग सगळा बांध हसायला लागला. हसता हसता कुणीतरी अण्णारावांच्या टायला हात घातला, कुणी, ते मुद्दामच कुणी विचारलं नाही.

साहेबानं वहीतलं आधीचं पान टरकन फाडलं. नवं पान लिहिलं आणि मैनुद्दीननं ते मोठ्यानं वाचलं. या धान्याची भाकरी होत नाही. लोकांना पोटाचा त्रास होतो. इथं गहू द्यावा. खाली साहेबानं सही ठोकली आणि पान मल्लव्वाकडं दिलं.

तिनं ते उलटसुलट करून बघितलं. “अंगठा कुटं हाय?”

“अहो, ते शिकलेले आहेत!” अण्णाराव किंचाळले. “सही केलीय त्यांनी!”

“सही तर आमच्या हजेरीच्या मस्टरावरबी असती. मागल्या म्हैन्यात दानम्माच्या नावापुढं झोकात सही हुती. दानम्मा, तुला सही येती का गं?”

“मला माझं नावबी धड ऐकू येत न्हाय,” दानम्मा म्हणाली.

“सही कुणाचीबी कुणीबी करतंय. अंगठा ज्याचा त्याचाच असतो. साहेब, आण तुझा अंगठा.”

दुष्काळी कामं आणि धान्याच्या याद्या बघितलेल्या बाईचा हा हिशेब होता. मल्लव्वानं तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली, साहेबाचा अंगठा धरला, बुडवला आणि सहीच्या शेजारी दाबला. कागदावर बशीएवढा काळा ठसा उमटला. मैनुद्दीननं तो कागद खिशात घातला आणि सांगितलं, कचेरीत मीच देणार, कुणाच्या हातात देणार नाही.

त्यानं दिला. आणि कचेरी हादरली. मिलो वाईट आहे, गहू द्यावा, यात तिला नवीन काही नव्हतं. असे अर्ज तिच्या रद्दीत मावत नव्हते. पण अमेरिकेच्या पाव्हण्याचा अंगठा आजवर कुठल्या टेबलावर आला नव्हता. पहिल्या टेबलानं शेरा मारला, “सदर इसम निरक्षर आहे काय? खुलासा व्हावा.” दुसऱ्यानं लिहिलं, “निरक्षर असल्यास शेतीचे ज्ञान देण्यास पाठविण्याचे प्रयोजन समजत नाही.” तिसरा म्हणजे जुनं खोड. त्यानं लिहिलं, “अंगठा उजवा की डावा याचा उल्लेख नाही.” चौथ्यानं खुलाशासाठी अण्णारावांना बोलावून घेतलं. सगळा खुलासा करायचा तर घरच्या मालदांडीचा डबा सांगावा लागणार होता. अण्णाराव तासभर घाम पुसत उभे राहिले आणि म्हणाले, साहेबांना तशी हौस होती. शेवटी कुणा वरच्या माणसाला भीती वाटली, की हा कागद आणखी फिरला तर दिल्लीहून विचारणा येईल, आणि तिचं उत्तर आपल्यालाच लिहावं लागेल. त्यानं सगळ्या शेऱ्यांच्या खाली एक ओळ लिहून फाइल बांधली. “वळसंग कामावर गहू द्यावा. प्रकरण बंद.”

लोकांच्या पोटासाठी सरकार हललं नाही. फाइल मिटवण्यासाठी हललं. हरकत नाही. गहू कशानं का येईना, पोटाला तो सारखाच लागतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला. बायकांनी पोत्यांना कुंकू लावलं. त्या दिवशी जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी झाली. मल्लव्वानं काठवटीत गव्हाचं पीठ घेतलं, भोवती सगळं काम गोळा झालेलं. तिनं गोळा केला, थापायला सुरुवात केली आणि थांबली. गव्हाला थापत नाहीत, लाटतात. तिच्या घरात गहू सणालाच यायचा, आणि तेव्हाही लाटायचं काम ती दुसरीकडं ढकलायची. कुणीतरी लाटणं आणून दिलं. तिनं ते भाल्यासारखं धरलं.

पहिली पोळी अक्कलकोट तालुक्याच्या नकाशासारखी झाली. दुसरी एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं आरपार भोक. तिसरी तव्याला अशी चिकटली की दानम्मानं ती उलथण्यानं खरवडून काढली.

राजाबाईनं तुकडा हातात घेऊन उन्हापुढं धरला. “मल्लव्वा, ही पोळी हाय का चपलीचा तळ गं?”

“गप खा,” मल्लव्वा म्हणाली, “अन् सरक तिकडं. बिबीजान, तू ये हितं, लाटणं कसं धरत्यात ते दाव मला.”

बिबीजान पदर खोचून शेजारी बसली. राजाबाईनं तोवर चपलीचा तळ संपवला होता, आणि ती दुसरा मागत होती.